शेंड्याचं पान

तंबाखूच्या रोपाला कळी धरली की शेतकरी ती चिमटीत पकडून मोडून टाकतो. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. तिथल्या सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या शिवारात, पाऊस सरून थंडी लागली की, हे काम हातानंच चालतं. निपाणी-चिकोडी भागात तंबाखू पिकवणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागणार नाही. शेंडा खुडायचा आणि मग फुटत राहणारी बगलफूट दर काही दिवसांनी काढत राहायची, यात त्याचाही हंगाम जातो. रोप फुलावर गेलं, बी धरायला लागलं, तर पान पातळ पडतं. कळी मोडली की पान भरतं.

पण झाडाच्या आत आणखी एक गोष्ट घडते आणि या लेखाचा सगळा विषय तिथून सुरू होतो. निकोटिन तयार होतं तंबाखूच्या मुळांत, आणि तिथून ते पानांत चढतं. पान कुरतडणाऱ्या किडीसाठी झाडानं राखलेलं ते विष आहे. शेंडा मोडला की झाडाला ती जखम कळते आणि मुळं निकोटिन वाढवायला लागतात. सगळ्यात वरची, थेट उन्हात तापणारी पानं जाड होतात, तेलकट होतात, गडद होतात. क्यूबातले शेतकरी या वरच्या पानांना ‘लिहेरो’ म्हणतात. जगातल्या भरदार सिगारचा सगळा जोर या पानात असतो.

हे पान एकटं ओढता येत नाही. ते नीट जळत नाही आणि जळलंच तर घसा सोलून काढतं. तरीही ते काढून टाकलं तर सिगारमध्ये नुसता सुगंधी धूर उरतो. नुसती कडक सिगार कुणालाही बनवता येईल, लिहेरो जास्त भरला की काम झालं. कडकपणा पोटात ठेवून जिभेवर भरदारपणा आणणारी सिगार मात्र फार थोड्या ठिकाणी बनते. तिथली माणसं या पानाला किती वर्षं थांबवून ठेवायचं हे जाणतात आणि तेवढं थांबतात. सिगारची चव घ्यायला शिकणं म्हणजे हे थांबणं जिभेवर ओळखायला शिकणं, असं माझं मत आहे.

पिनार देल रिओमधल्या या पट्ट्याचं नाव व्हुएल्ता अबाहो. तांबूस, भुसभुशीत, वाळूमिश्रित जमीन, पाणी धरून न ठेवणारी. इथं दोन तऱ्हांनी तंबाखू लावतात. सिगारच्या बाहेरचं गुळगुळीत वेष्टन ज्या पानाचं करायचं, ते रोप पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढतं, म्हणजे पान मोठं, पातळ आणि मऊ येतं. आतल्या भरणाचा तंबाखू उघड्या उन्हात. उन्हातल्या रोपाची पानं खालून वर जात काढतात, एका वेळी दोन-तीन, आणि मध्ये काही दिवस झाडाला श्वास घेऊ देतात. खालची पानं ‘वोलादो’. चव बेताची, पण जळतात उत्तम. मधली ‘सेको’, सुगंध त्यांचा. वरची लिहेरो. लिहेरोच्याही वर काही झाडांनाच दोन लहान पानं येतात, ‘मेदिओ तिएंपो’. ती इतकी दुर्मिळ की कोहिबा ब्रँडची बेहिके ही मालिका 2010 मध्ये निघाली ती या पानांच्या जोरावर. लिहेरोला झाडावर सगळ्यात जास्त दिवस मिळतात, कारण तो शेवटी निघतो. त्याच्या वाट पाहण्याची सुरुवात शेतातच होते.

क्यूबाचे थोर अभ्यासक फेर्नांदो ऑर्तिस यांनी 1940 मध्ये तंबाखू आणि ऊस या दोन पिकांना समोरासमोर उभं करून एक पुस्तक लिहिलं. क्यूबाचा सगळा इतिहास त्यांनी या जोडीतून वाचला. उसाला मोठं रान लागतं, मोठं भांडवल लागतं, कारखाना लागतो, आणि क्यूबात त्याला गुलामांच्या टोळ्या लागल्या. तंबाखूला लहान वावर आणि रोज प्रत्येक रोपापाशी वाकणारा माणूस लागतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला ही जोडी लगेच समजेल. त्याच्याकडे दोन्ही पिकं एका नजरेच्या टप्प्यात आहेत. एका बाजूला साखर कारखान्याची चिमणी आणि टोळ्यांनी येणारे ऊसतोड मजूर, दुसऱ्या बाजूला निपाणीची वखार. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक महामार्गावर येऊन बसले. पानापानाला हात लावणाऱ्या माणसालाच त्याचा भाव ठरवता येत नाही, हे त्यांचं दुखणं होतं.

क्यूबात अशा शेतकऱ्याचं नाव जगभर पोचल्याचं एक उदाहरण आहे. आलेहांद्रो रोबाइना यांचं कुटुंब 1845 पासून सान लुईसजवळच्या एकाच मळ्यात तंबाखू करत आलं. फिदेल कास्त्रोंच्या क्रांतीनंतर जमिनी सहकारी शेतीत घालण्याचा आग्रह झाला. रोबाइना यांनी तो मानला नाही. तंबाखू कुटुंबानंच करावा, हे त्यांचं म्हणणं त्यांनी थेट कास्त्रोंच्या तोंडावर मांडलं. पुढं 1997 मध्ये त्याच सरकारनं त्यांच्या नावाची सिगार बाजारात आणली. 2010 मध्ये, नव्वदी गाठल्यावर, ते गेले. त्यांच्या मळ्यातलं पीक मुख्यतः वेष्टनाच्या पानाचं होतं.

तोडलेलं पान मळ्यातल्याच उंच लाकडी घरात जातं. या वाळवणघरांची तोंडं पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन फक्त टोकांवर पडतं आणि लांब भिंती तापत नाहीत. पानं दोन-दोन शिवून काठ्यांवर टांगतात आणि काठ्या सुकतील तशा वर-वर सरकवतात. हिरवं पान पिवळं होतं, मग तांबूस-तपकिरी. सुमारे पन्नास दिवस. शेतकरी दारं-खिडक्या उघडमीट करत हवेतला ओलावा सांभाळतो. चव घडवण्यात यंत्राचा हात इथंही नाही आणि पुढंही फारसा नाही.

यानंतरची पायरी सिगारच्या धंद्याबाहेर फार कमी लोकांना माहीत असते. सुकलेल्या पानांच्या जुड्या कमरेएवढ्या थप्प्यांत रचून ठेवतात. स्वतःच्याच ओलाव्यानं आणि वजनानं थप्पी आतून तापायला लागते. आत तापमापी खुपसलेला असतो, आणि पारा ठरलेल्या रेषेपलीकडे जायला लागला की सगळी थप्पी मोडून, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून, पुन्हा रचतात. पानातून अमोनिया बाहेर पडायला लागतो. या खोल्यांत पाय ठेवला की डोळ्यांतून पाणी येतं आणि नाक झोंबतं, ते याच वायूनं. अमोनिया निघतो, निकोटिन काहीसं उतरतं, कडवटपणा मोडतो, रंग एकसारखा होतो. मग पानं निवडतात, ओलसर करतात, मधली जाड शीर ओढून काढतात आणि पुन्हा थप्पी लावतात. दुसऱ्या खेपेला उष्णता जास्त आणि मुदतही जास्त. लिहेरोला सर्वांत जास्त दिवस द्यावे लागतात, कारण घालवायचंही त्याच्यातच सर्वांत जास्त असतं. कोहिबाच्या सेको आणि लिहेरोला तर तिसऱ्यांदा मुरवतात.

त्यानंतर गठ्ठे बांधून गोदाम. वोलादोला काही महिने पुरतात, सेकोला त्याहून जास्त. लिहेरोला किमान दोन वर्षं. चांगल्या ठिकाणी तीन, चार. या वर्षांत काहीच घडत नाहीसं दिसतं, आणि म्हणून पैशाची घाई झालेला कारखाना पहिली काटछाट इथं करतो. ती काटछाट लपत नाही. अर्ध्या मुरलेल्या लिहेरोची सिगार पहिल्या काही झुरक्यांतच जिभेच्या कडांना चुरचुरते आणि धुरात अमोनियाची धार लागते. दुकानदार तिला दमदार म्हणून विकतो. ती कच्ची असते.

हवानात कॅपिटोलच्या इमारतीमागं, इंदुस्त्रिआ रस्त्यावर, पार्तागासची जुनी इमारत उभी आहे. दर्शनी भागावर 1845 हे साल कोरलेलं. कॅटलोनियातून आलेल्या जाउमे पार्तागास यांनी हा कारखाना सुरू केला. सिगार वळण्याचं काम काही वर्षांपूर्वी तिथून दुसरीकडं हललं, पण नाव आणि मिश्रण तेच आहे. क्यूबाच्या सिगारांत जे भरदार मानले जातात त्यांत पार्तागास पहिल्या रांगेत बसतो. बोलिवार आणि रामोन आयोनेस त्याच्याबरोबर.

वळणाऱ्याला ‘तोर्सेदोर’ म्हणतात. त्याच्या पुढ्यात लाकडी फळी, ‘चावेता’ नावाचं अर्धगोल पातं आणि डिंकाची वाटी एवढंच असतं. तळहातावर तो एकेक पान घडी घालत रचतो, धूर वाहायला मधूनमधून वाट राहील अशा बेतानं. लिहेरोचं पान तो बरोबर मधोमध बसवतो. ते सावकाश जळतं, म्हणून त्याची जागा गाभ्यात. बाजूला सरकलं तर सिगार एका अंगानं जळत जाते आणि दुसरं अंग तसंच राहतं. जास्त दाबलं तर धूरच येत नाही. वरून बांधणीचं पान गुंडाळायचं, साच्यात दाबायचं, मग वेष्टनाचं पान तिरकं ओढत चढवायचं आणि टोकाला त्याच पानाची गोल टोपी चिकटवायची. मध्यम आकाराच्या सिगार एका कसबी हाताकडून दिवसाला शंभराच्या आसपास होतात. क्रांतीपूर्वी वळायला मुख्यतः पुरुष बसायचे आणि बायका शिरा काढायच्या. 1960 च्या दशकात हवानातल्या एल लागितो इथं बायकांना वळायला शिकवलं गेलं आणि कोहिबासारखी सगळ्यात मानाची सिगार त्यांच्या हातून आली.

या दालनांत एक उंच खुर्ची असते. तिथं बसून ‘लेक्तोर’ मोठ्यानं वाचतो. 1865 मध्ये हवानातल्या एल फिगारो कारखान्यात ही प्रथा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पार्तागासमध्ये आली. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे आणि काय वाचायचं तेही कामगारच ठरवायचे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. ह्यूगो, द्यूमा, सेर्व्हांतेस अक्षर न ओळखणाऱ्या माणसांच्या कानांवर दिवसचे दिवस पडले. 1866 मध्ये स्पॅनिश सत्तेनं या वाचनावर बंदी घातली, कारण कान उघडलेला कामगार प्रश्न विचारू लागला होता. बंदीनं प्रथा मेली नाही. फ्लोरिडात टँपाजवळ वसलेल्या इबोर सिटीतल्या सिगार कामगारांसमोर 1891 मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती यांनी भाषणं केली आणि क्यूबाच्या स्वातंत्र्याचा पैसा त्याच कामगारांच्या खिशांतून उभा राहिला. टँपाच्या मालकांनी 1931 मध्ये लेक्तोर हटवले आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. हवानात खुर्ची अजून आहे. 1935 मध्ये निघालेल्या मोंतेक्रिस्तो सिगारचं नाव द्यूमांच्या कादंबरीचं आहे, आणि ती कादंबरी वळणाऱ्यांची लाडकी होती.

आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांनी हेच केलं. एक जण वर्तमानपत्र वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. मालकांनी कारखाने बंद केले तेव्हा त्याच कामगारांनी 1969 मध्ये दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी केली. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाया मात्र बहुतेक घरी बसून वळतात, एकेकट्या. हजार विड्यांमागं मिळणाऱ्या मजुरीवर. त्यांच्या बोटांचं कसब तोर्सेदोरच्या कसबापेक्षा कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. एका हाताच्या कामाला जगानं दागिन्याचा भाव दिला, दुसऱ्याला दिला नाही.

15 सप्टेंबर 1960 ला क्यूबाच्या सरकारनं सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. पार्तागास ज्यांच्याकडे होता ते सिफुएंतेस कुटुंब देश सोडून गेलं. 1962 च्या फेब्रुवारीत अमेरिकेची व्यापारबंदी आली. अध्यक्ष केनेडी यांनी त्यावर सही करण्याआधी आपले माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांना हजार क्यूबन सिगार गोळा करायला सांगितलं होतं आणि सॅलिंजर यांनी बाराशे आणल्या, हा किस्सा पुढं सॅलिंजर यांनी स्वतः लिहिला. किस्सा गमतीचा आहे, पण त्या बंदीचा खरा परिणाम बियाण्यावर झाला. बाहेर पडलेल्या कुटुंबांबरोबर क्यूबाचं बी आणि क्यूबाचे हात डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथं पोचले.

यात मला सगळ्यात जवळची वाटते ती होसे ओर्लांदो पाद्रोन यांची गोष्ट. पिनार देल रिओच्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातला हा माणूस मायामीत निर्वासित म्हणून आला. कुणी दिलेल्या हातोडीवर सुतारकाम करून त्यानं सहाशे डॉलर साठवले आणि 1964 मध्ये सिगार वळायला सुरुवात केली. 1970 मध्ये त्यानं निकाराग्वातलं एस्तेली गाठलं. तिथली माती ज्वालामुखीची, काळी आणि जड. 1978 मध्ये यादवीत कारखाना जळाला. 1985 मध्ये अमेरिकेनं निकाराग्वावरही बंदी घातली. पाद्रोन टिकले. 1994 मध्ये तीस वर्षं झाली म्हणून त्यांनी 1964 याच नावाची चौकोनी दाबलेली सिगार काढली. ती पूर्णपणे निकाराग्वाच्या, वर्षानुवर्षं मुरवलेल्या तंबाखूची आहे. क्यूबाबाहेर भरदार सिगार होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी ती ओढून पाहायला सांगतो. एस्तेलीच्या लिहेरोत कोको आणि गडद कॉफीचा घट्टपणा येतो. व्हुएल्ता अबाहोचा लिहेरो जिभेला किंचित खारट, मातकट लागतो. यांतलं एक श्रेष्ठ ठरवण्यात मला अर्थ दिसत नाही. 2017 मध्ये पाद्रोन वारले तेव्हा ते एक्याण्णव वर्षांचे होते.

आता प्रत्यक्ष चव. मी इथं पार्तागासची सेरी डी नंबर 4 घेतो, कारण भरदार सिगार म्हणजे काय ते समजायला याहून सरळ शिक्षक मला मिळाला नाही. लाल पट्टीची, 124 मिलिमीटर लांब आणि 50 मापाची सिगार. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ही साधारण वीस मिलिमीटर जाड. या आकाराला रोबुस्तो म्हणतात. लांबी-जाडीचा हा मेळ चांगला आहे. धूर थंड व्हायला पुरेशी लांबी, आणि भरणाची तिन्ही तऱ्हेची पानं सामावायला पुरेशी जाडी. हल्ली 60 मापाच्या, तोंडात न मावणाऱ्या सिगारांची टूम आहे. ती मला पटत नाही. जाडी वाढली की आतल्या भरणापुढं वेष्टनाच्या पानाचा वाटा आक्रसतो, आणि सुगंधाचा मोठा हिस्सा त्या पानाचा असतो.

खोकं उघडल्यावर आधी बोटांनी पाहायचं. सिगार दाबली की किंचित दबली पाहिजे आणि परत आली पाहिजे. हवेत पासष्ट ते सत्तर टक्के ओलावा असलेल्या देवदारी पेटीत ती राहिली असेल तर वेष्टनावर तेलाची हलकी चकाकी असते. मुंबईच्या पावसाळ्यात ती फुगते, बुरशी धरते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत तडकते. उष्ण हवेत तंबाखूतला बारीक भुंगा जागा होतो आणि टाचणीएवढी भोकं पाडून ठेवतो. आपल्याकडे सिगारशी झालेल्या बहुतेक वाईट ओळखी साठवणीच्या चुकीनं झालेल्या आहेत, तंबाखूच्या नव्हेत.

टोपीचा फक्त माथा कापायचा. टोपी जिथं वळते ती रेष ओलांडली की वेष्टन सुटतं. न पेटवता एक झुरका घ्यायचा. डी 4 मध्ये इथंच सुकं गवत, देवदार आणि तंबाखूचा गोडसर वास येतो. मग ज्योत तोंडापाशी न भिडवता थोडी खाली धरून सगळी कड सावकाश भाजायची आणि त्यानंतरच ओढायचं. धूर छातीत घ्यायचा नाही, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. तोंडात घेऊन जिभेवर फिरवायचा आणि सोडायचा. मिनिटाला एक झुरका. घाई केली की निखारा तापतो, तेलं जळतात आणि कुठलीही सिगार कडवट होते.

फ्रेंच रसिकांनी सिगारचे तीन भाग सांगितले आहेत, पहिला गवताचा, दुसरा दैवी आणि तिसरा शेणखताचा. डी 4 हे पहिल्या दोन भागांत खरं करते आणि तिसऱ्यात खोटं पाडते, जर ती मुरलेली असेल तर. पहिल्या भागात काळी मिरी ठळक असते. थोडा धूर नाकावाटे सोडला की ती नाकाच्या मुळाशी जाणवते. नाकावाटे सोडल्याशिवाय सिगारचा अर्धा स्वाद कळत नाही, कारण जीभ चारपाच चवीच ओळखते आणि बाकी सगळं काम नाक करतं. पाव भाग जळल्यावर मिरी मागं सरते. भाजलेली कॉफी येते, चामड्याचा वास येतो. आणि मला तिथं गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा, थोडा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास सापडतो. हवानात बसून चव पाहणाऱ्याच्या टिपणात दगडफूल येणार नाही. माझ्या नाकाला ते माहीत आहे, म्हणून माझ्या टिपणात ते येणारच. आपल्या स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकानं दुसऱ्याची यादी पाठ करू नये.

या मधल्या भागात भरदारपणा आणि कडकपणा वेगळे होतात. धूर तोंडात किती दाट लागतो, किती वेळ जागा धरून राहतो, तो भरदारपणा. कडकपणा म्हणजे निकोटिन. ते जिभेपेक्षा अंगाला कळतं, आणि उशिरा कळतं. काही सिगार तोंडात पातळ आणि अंगाला कडक असतात, त्या मला आवडत नाहीत. काही लोण्यासारख्या दाट असूनही डोकं हलकं ठेवतात. डी 4 दोन्हीकडे वरच्या बाजूला आहे, पण तोल राखून. राख इंचभर झाली की हळूच टेकवून पाडा आणि खाली पाहा. निखारा सुळक्यासारखा मध्ये टोकदार दिसला तर समजा, लिहेरो बरोबर गाभ्यात बसला होता. शेतातून निघाल्यापासून इतके हात फिरलेलं ते पान डोळ्यांना दिसतं ते या एकाच क्षणी.

सोबत काय प्यावं? कारखान्यातले चव पारखणारे बिनसाखरेचा चहा घेतात, दोन सिगारांमध्ये जीभ धुवायला. मी तेच करतो. सिगारचं टोक ब्रँडीत बुडवणं हा मुरवण्यात घालवलेल्या वर्षांचा अपमान आहे.

निकोटिनबद्दल मोघम बोलणं मला मान्य नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळं छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. रिकाम्या पोटी भरदार सिगार ओढली तर घाम फुटतो, मळमळतं, हात कापतात. अशा वेळी सिगार खाली ठेवावी आणि साखर तोंडात टाकावी. तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोग सिगारनंही होतात. हातानं वळलेल्या महागड्या सिगारांचा वेगळा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी 2022 मध्ये प्रसिद्ध केला. धोका किती वेळा ओढता आणि धूर किती आत घेता यावर वाढतो, हे त्यात स्पष्ट आहे. किंमत आणि मुरवण यांनी धूर निर्दोष होत नाही. ज्याला सवय नाही त्यानं ती लावून घेऊ नये. मी स्वतः क्वचितच ओढतो आणि ओढतो तेव्हा दुसरं काही करत नाही. ओली पानं तोडणाऱ्या मजुराला तर निकोटिन कातडीतूनच चढतं. दव पडलेल्या सकाळी तंबाखूच्या रानात काम केलेल्या माणसाला ओकारी आणि भोवळ येते, व्हुएल्ता अबाहोतही आणि निपाणीतही.

या पिकाशी आपली ओळख जुनीच आहे. पोर्तुगीजांनी तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर आणला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग हा मुघल वकील तो विजापूरहून अकबराच्या दरबारात घेऊन गेला. चिरूट आपल्याकडे दक्षिणेत वळले गेले, तिरुचिरापल्लीला आणि दिंडीगुलला. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या ‘लंका’ नावाच्या बेटांवरही चिरुटाचा तंबाखू पिकतो. कॉनन डॉईलचा शेरलॉक होम्स राखेवरून तिरुचिरापल्लीचे आणि या लंकांवरचे चिरूट ओळखतो. इंग्रज गेले, परदेशी सिगार श्रीमंतांकडे आली, आणि दक्षिणेतला हा धंदा आक्रसला. मुरवण्यावर पैसा आणि वर्षं घालणारा कुणी उभा राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मला या चिरुटांच्या बाबतीत सतत येतो.

क्यूबन सिगार घेताना खोक्याच्या तळाचा शिक्का जरूर पाहावा. कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि महिना-वर्ष तिथं उमटवलेलं असतं. सिगार कधी वळली ते त्यावरून कळतं. त्यातून किमान दोन वर्षं वजा केली की आतला लिहेरो कधीच्या उन्हात तापला त्याचा अंदाज येतो. 27 सप्टेंबर 2022 च्या पहाटे ‘इयान’ हे चक्रीवादळ पिनार देल रिओवर आदळलं. हजारो वाळवणघरं कोसळली, साठवलेला तंबाखू भिजला. पुढच्या हंगामाची लावणी होती तेव्हा पानं टांगायला छपरं नव्हती. शेतकऱ्यांनी पडलेली लाकडं वेचून घरं पुन्हा बांधायला घेतली आणि जमेल तेवढी रोपं लावली. त्या तुटक हंगामाच्या शेंड्याची पानं 2025 पासूनच्या शिक्क्यांच्या सिगारांत येऊ लागतात. 2021 च्या शिक्क्याची डी 4 माझ्या पेटीत आहे. 2025 ची आणून दोन्ही एका आठवड्यात ओढायच्या, मधल्या भागात दगडफूल तेवढंच दाट लागतं का ते पाहायचं, असं मी ठरवलं आहे.